सहा जणांनी छापलेला कागद

२०१७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात रिॲलिटी विनर या पंचवीस वर्षांच्या तरुणीने कार्यालयातील संगणकावर एक गोपनीय अहवाल उघडला, त्याची छापील प्रत काढली, ती घडी करून बाहेर नेली आणि टपालाने एका वृत्तसंस्थेकडे पाठवून दिली. ती राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी कंत्राटी भाषांतरकार म्हणून काम करत होती आणि तो अहवाल अमेरिकी निवडणूक यंत्रणेवर झालेल्या रशियन सायबर हल्ल्यांविषयी होता. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. बातमी देण्यापूर्वी कागद खरा आहे की नाही याची खातरजमा करण्यासाठी वृत्तसंस्थेने त्याची प्रत सरकारी अधिकाऱ्यांना दाखवली. त्या प्रतीवर घडी पडल्याच्या खुणा दिसत होत्या, म्हणजे हा कागद कोणीतरी छापून हातांनी बाहेर नेला होता, एवढे अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी संस्थेच्या संगणकीय नोंदी पाहिल्या. तो अहवाल एकूण सहा जणांनी छापला होता. सहाही जणांचे कार्यालयीन संगणक तपासले गेले आणि त्यांपैकी केवळ एकीच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेल झालेला आढळला. तो ईमेलही या अहवालाबद्दल नव्हता, एका पॉडकास्टची लिखित संहिता मिळेल का, अशी ती साधी विचारणा होती. ३ जूनला विनरला अटक झाली, ५ जूनला बातमी प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली.

हे प्रकरण लोकांच्या लक्षात राहिले ते पिवळ्या ठिपक्यांमुळे. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना सहजी न दिसणारे बारीक पिवळे ठिपके उमटवतात आणि त्यांच्या मांडणीत प्रिंटरचा अनुक्रमांक व छपाईची वेळ दडलेली असते. ही सांकेतिक मांडणी २००५ मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने एका कंपनीच्या प्रिंटरपुरती उलगडून दाखवली होती. विनरच्या कागदाचे चित्र प्रसिद्ध झाल्यावर बाहेरच्या तज्ज्ञांनी ते ठिपके वाचले आणि छपाईची तारीख ९ मे २०१७, वेळ सहा वाजून वीस मिनिटे अशी सांगितली. गोष्ट चमत्कारिक आहे खरी, पण तपास यंत्रणेने न्यायालयापुढे ठेवलेल्या प्रतिज्ञापत्रात ठिपक्यांचा उल्लेखच नाही. त्यांना त्यांची गरज पडली नाही. ‘हा कागद कोणी कोणी छापला’ या एका प्रश्नाचे उत्तर देणारी यादी हाताशी असताना ठिपके मोजत कोण बसणार?

ऑनलाइन अनामिकतेविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेकदा चेहरा झाकण्याविषयी बोलतो. टोपणनाव घ्यावे, दुसरा ईमेल काढावा, आपली जोडणी दुसऱ्याच्या यंत्रामार्फत नेणारे व्हीपीएन सुरू करावे, म्हणजे आपण दिसेनासे होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. खुल्या बाजारात हिंडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती थोडीफार खरीही आहे. परंतु जो दस्तऐवज सर्वांसाठी खुला नाही, मग तो रुग्णालयातील केसपेपर असो, बँकेचा खातेउतारा असो, पासपोर्टचा अर्ज असो वा मोबाइलच्या कॉलचा तपशील असो, त्याच्या बाबतीत ती कामी येत नाही. अशा दस्तऐवजापर्यंत जाणारे दार ठरावीक लोकांसाठीच उघडते आणि दार उघडण्यापूर्वी ते तुम्ही कोण हे विचारते. येथे अनामिकता सुरू होते ती गर्दीपासून नव्हे, यादीपासून.

तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात जुन्या फेरफाराची नक्कल काढायला गेलेल्या कोणालाही ही रचना परिचयाची वाटेल. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, शुल्काची पावती वेगळी फाटते, दप्तर कोणत्या कपाटातून कोणी काढले हे कारकुनाला ठाऊक असते आणि नक्कल देताना सही घेतली जाते. एकच कृती चार ठिकाणी उमटते आणि चारही ठिकाणची शाई पुसणे एका माणसाला जमत नाही. संगणकातील नोंदवहीला ‘लॉग’ म्हणतात आणि ती या कारकुनाहून बरीच चिकाटीची असते. कोणत्या खात्याने, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, कोणता शब्द टाकून शोध घेतला, काय उघडले, केवळ पाहिले की छापले की पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, हे सारे ती लिहीत जाते. शिवाय ती एकच नसते. दस्तऐवजांच्या प्रणालीची एक, कार्यालयातील नेटवर्कची दुसरी, प्रिंटरची तिसरी, इमारतीत शिरताना दाखवलेल्या ओळखपत्राची चौथी आणि जिन्यातल्या कॅमेऱ्याची पाचवी.

आता बाहेरून येणाऱ्याचा विचार करू. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो आणि आपण ज्या सर्व्हरकडे काही मागतो त्याला उत्तर कुठे पाठवायचे हे कळावे म्हणून तो पत्ता सांगावाच लागतो. सर्व्हर तो लिहून ठेवतो. पुढे चौकशी निघालीच तर तपास अधिकारी तो पत्ता आणि वेळ घेऊन इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो आणि त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे विचारतो. ऐकायला ही साखळी सरळ वाटते, पण तिच्या प्रत्येक कडीत चूक होण्याला जागा आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे, आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत, त्यामुळे कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात, विशेषतः मोबाइलवर. शिवाय सकाळी जो पत्ता एका घरात होता तो संध्याकाळी दुसऱ्या घरात असू शकतो. म्हणून केवळ पत्ता सांगून भागत नाही, त्याबरोबर सेकंदापर्यंतची वेळ लागते, एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा पोर्ट क्रमांक लागतो आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची हेही लागते. परदेशी सर्व्हरच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हे गणित विसरले तर रात्री अकरा वाजता घडलेल्या गोष्टीसाठी आपण संध्याकाळी साडेपाचच्या ग्राहकाला पकडू.

ही भीती कल्पनेतली नाही. २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर बदनामीकारक मजकूर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बंगळुरूमधील एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. आधार होता तो आयपी पत्त्यावरून दूरसंचार कंपनीने दिलेल्या ग्राहकाच्या तपशिलाचा. तो तपशील चुकीचा निघाला, पण तोपर्यंत त्या निरपराध माणसाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. आयपी पत्ता फार तर जोडणी कोणाच्या नावावर आहे हे सांगतो, कळफलकावर बोटे कोणाची होती हे सांगत नाही. घरात चार माणसे राहतात, वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याला दिलेला असतो आणि सायबर कॅफेत तर दिवसभरात पन्नास जण बसून जातात. तपासाची सुरुवात म्हणून हा पत्ता मोलाचा आहे, पण तोच शेवट मानला की असे पन्नास दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ शकतात.

आपला पत्ता लपवण्याचा सर्वांत रूढ मार्ग म्हणजे मध्यस्थ घेणे. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन यांचे काम समजायला सोपे आहे. आपण मध्यस्थाला सांगतो, मध्यस्थ सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हरच्या वहीत मध्यस्थाचा पत्ता चढतो. आपला पत्ता मात्र आता मध्यस्थाच्या वहीत असतो. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे खासगी ईमेल खाते टेनेसी विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने उघडले. त्याने कुठलेही कुलूप फोडले नाही. पासवर्ड विसरल्यास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची, म्हणजे जन्मतारीख, टपालाचा पिन क्रमांक आणि पती-पत्नीची पहिली भेट कुठे झाली यांची, उत्तरे सार्वजनिक माहितीतून मिळवून त्याने पासवर्ड बदलला. हे करताना त्याने एक मोफत प्रॉक्सी वापरला होता. पण पुराव्यादाखल त्याने खात्याच्या पडद्याची जी चित्रे सर्वांना दाखवली, त्यांत वरच्या पट्टीवर त्या प्रॉक्सी सेवेचा पत्ता स्पष्ट दिसत होता. तपास अधिकारी त्या सेवेच्या चालकाकडे गेले, त्याने आपल्या नोंदी दिल्या आणि माग नॉक्सव्हिल शहरातील विद्यार्थ्याच्या इमारतीपर्यंत पोचला. २०१० मध्ये त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली.

भारतात या मध्यस्थांच्या वह्यांविषयी स्पष्ट आदेश आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, सामान्य ग्राहकांना व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व इतर तपशील पाच वर्षे ठेवायचे आहेत आणि सर्वांनी आपली घड्याळे राष्ट्रीय स्रोतांशी जुळवून घ्यायची आहेत. घड्याळांचे हे कलम वाचताना किरकोळ वाटते, पण वरचे साडेपाच तासांचे गणित आठवले की त्याचे महत्त्व पटते. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी मात्र आपले भारतातील सर्व्हरच काढून घेतले, कारण ‘आम्ही वही ठेवत नाही’ हाच त्यांच्या व्यवसायाचा दावा होता. तो दावा खरा की खोटा, हे ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही, ही या सेवांमधील मूळची अडचण आहे.

एकाच मध्यस्थावर विसंबावे लागू नये म्हणून टॉर या अनामिक जाळ्याची रचना करण्यात आली. तिची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. टॉरमध्ये आपला संदेश कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांमध्ये गुंडाळलेला असतो आणि तो तीन निरनिराळ्या केंद्रांतून जातो. पहिल्या केंद्राला आपण कोण ते कळते पण कुठे चाललो ते कळत नाही, शेवटच्याला गंतव्य कळते पण मूळ कळत नाही आणि मधल्याला दोन्ही टोके दिसत नाहीत. तिन्ही वह्या एका हातात येत नाहीत तोवर माग जुळवणे अवघड असते.

असे असूनही १६ डिसेंबर २०१३ रोजी, सत्रअखेरच्या परीक्षेच्या सकाळी, हार्वर्ड विद्यापीठाच्या इमारतींत बाँब असल्याचा खोटा ईमेल टॉरमधून पाठवणारा विद्यार्थी जवळजवळ लगेच सापडला. टॉर फोडण्याची गरजच पडली नाही. ईमेल टॉरमधून आला हे ईमेलसोबत येणाऱ्या तांत्रिक तपशिलावरून कळत होते, कारण टॉरच्या शेवटच्या केंद्रांची यादी जाहीर असते. धमकी परीक्षेच्या वेळी आली, तेव्हा पाठवणारा विद्यापीठातलाच असण्याचा संभव मोठा. मग विद्यापीठाने आपल्याच वायफायची वही उघडून त्या आधीच्या काही तासांत टॉर कोणी वापरला हे पाहिले. कोण टॉरमधून कुठे गेले हे त्या वहीत नव्हते, पण टॉर वापरला हे होते. विद्यार्थ्याला विचारणा होताच त्याने कबुली दिली. लाखोंच्या गर्दीत टॉर हा मुखवटा होता, पण एका विद्यापीठाच्या एका सकाळच्या गर्दीत तोच डोक्यावरचा लाल फेटा ठरला.

या सगळ्या प्रकरणांमागचे गणित एकच आहे आणि ते शाळेतल्या खेळासारखे आहे. भारतातील सुमारे १४० कोटी लोकांपैकी एकाला मनात धरा आणि उरलेल्यांची गर्दी दर वेळी निम्मी करणारे ‘हो की नाही’ प्रकारचे प्रश्न विचारत जा. एकतिसाव्या प्रश्नापर्यंत एकच माणूस उरतो, कारण दोनाचा एकतिसावा घात २१४ कोटींहून मोठा आहे. साऱ्या जगासाठीही तेहेतीस प्रश्न पुरतात. त्यामुळे माग काढणाऱ्याला नाव सांगणारा एकच मोठा पुरावा लागतोच असे नाही, त्याला किरकोळ वाटणाऱ्या याद्यांचा छेद पुरतो. आपला ब्राउझरसुद्धा यांतील बरेच प्रश्न न विचारताच सोडवून देतो. २०१० मध्ये वर उल्लेखलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचा अभ्यास केला, तेव्हा पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, वेळेचा पट्टा अशा निरुपद्रवी तपशिलांच्या जुळणीवरून त्यांतील ८३.६ टक्के ब्राउझर इतरांपेक्षा वेगळे ओळखता येत होते. मर्यादित दस्तऐवजाच्या बाबतीत तर पहिल्याच प्रश्नाने, म्हणजे ‘हा दस्तऐवज उघडण्याची परवानगी आहे का’ या प्रश्नाने, कोट्यवधींची गर्दी काही शेकड्यांवर येते. ‘तो छापला का’ या दुसऱ्या प्रश्नाने विनरच्या प्रकरणात सहा उरले होते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे की नोंद असणे आणि नोंद पाहिली जाणे यांत फार अंतर असते. २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत उघड झाले की बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जॉन मॅकेन या अध्यक्षपदाच्या तिघाही उमेदवारांच्या पासपोर्टच्या फायली परराष्ट्र खात्याच्या प्रणालीत कामाशिवाय उघडल्या गेल्या होत्या. ओबामांची फाइल जानेवारी ते मार्च या काळात तीन वेगवेगळ्या दिवशी कंत्राटी कर्मचाऱ्यांनी उघडली होती. प्रसिद्ध व्यक्तींच्या काही नावांवर इशाऱ्याची खूण ठेवलेली होती, म्हणून ते निदान लक्षात तरी आले. त्यानंतर खात्याच्या महानिरीक्षकांनी १५० नामवंतांची नावे घेऊन २००२ च्या सप्टेंबरपासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी १२७ जणांच्या फायली मिळून ४,१४८ वेळा पाहिल्या गेल्याचे दिसले. प्रत्येक वेळ गैरच होती असे नाही, पण साडेपाच वर्षे वही भरत होती आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. ज्यांच्या नावावर इशाऱ्याची खूण नसते, म्हणजे तुमच्या आमच्यासारख्यांची फाइल, ती शेजारच्या ओळखीच्या कारकुनाने कुतूहलापोटी उघडली तर घंटा वाजत नाही.

दुसरी उणीव अशी की लॉग खात्याचे नाव लिहितो, माणसाचे नाही. २०१३ मध्ये अरुण जेटली यांच्या मोबाइलच्या कॉलचा तपशील बेकायदा मिळवल्याचे प्रकरण दिल्लीत गाजले, त्यात एका पोलिस शिपायाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अधिकृत ईमेल खात्यावरून दूरसंचार कंपनीकडे मागणी पाठवल्याचा आरोप होता. कंपनीच्या वहीत नोंद झाली असेल ती वरिष्ठांची. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीही कॉलचे तपशील मिळवून विकणाऱ्यांचे जाळे उघडकीस आणले आणि काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. साहेबांचा पासवर्ड टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवण्याची पद्धत आपल्या कार्यालयांत किती रुळलेली आहे, हे कोणाला वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी लॉग कितीही काटेकोर असला तरी तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो आणि ज्याच्याकडे बोट जाते त्याला आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी रजेचा अर्ज, हजेरीपट आणि दारावरचा कॅमेरा धुंडाळावा लागतो.

तिसरा प्रश्न वहीच्याच राखणीचा. ज्याला प्रणालीचे सर्वाधिकार असतात, त्या प्रशासकाला स्वतःच्या ओळी खोडताही येऊ शकतात. सरकारी कचेऱ्यांत नवी नोंदवही सुरू करताना पहिल्या पानावर ‘या वहीत १ ते २०० पाने आहेत’ असे प्रमाणित करून अधिकारी सही करतो, ते मधले पान फाडले गेल्यास कळावे म्हणून. संगणकात हेच काम गणिती ठशांनी, म्हणजे नोंदीच्या मजकुरावरून काढलेल्या संख्यांनी, करतात. प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा मिसळलेला असतो, त्यामुळे मधली एक ओळ बदलली की तिच्यापुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. एस्टोनिया या छोट्या देशाने आपल्या सरकारी माहितीच्या देवघेवीसाठी अशी साखळी वापरली आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली माहिती कोणी पाहिली हे तेथील नागरिकाला स्वतः पाहण्याची सोय दिली आहे. आपला वैद्यकीय तपशील कोणत्या डॉक्टरने कधी उघडला हे रुग्ण घरबसल्या पाहू शकतो. माझ्या मते पाळतीचा हा प्रकार सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक आहे, कारण आपल्या फाइलविषयी आपल्याइतकी काळजी दुसऱ्या कोणत्याही लेखापरीक्षकाला नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीशिवाय संगणकात शिरणे वा त्यातील माहिती उतरवून घेणे, ते अप्रामाणिक हेतूने केले असल्यास, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहे, तर कलम ७० खाली ‘संरक्षित’ म्हणून जाहीर झालेल्या प्रणालीत शिरल्यास शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आधारचे केंद्रीय माहिती भांडार अशा संरक्षित प्रणालींपैकी एक आहे.

आणि आधारपुरती का होईना, एक छोटी खिडकी आपल्याकडेही आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून ‘प्रमाणीकरण इतिहास’ उघडला की मागील सहा महिन्यांत आपल्या आधार क्रमांकाची पडताळणी कोणत्या संस्थेने, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि बोटाच्या ठशाने की ओटीपीने केली, हे दिसते. सहाच महिने, कारण सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात अशा नोंदी त्याहून जास्त काळ ठेवण्यास मनाई केली. वही फार काळ जपली तर तिच्यातूनच माणसाच्या हालचालींचे चित्र तयार होते, ही न्यायालयापुढची चिंता होती. या खिडकीतून संस्थेचे नाव दिसते, पण त्या संस्थेत कोणत्या टेबलावरच्या माणसाने नंतर आपला तपशील उघडून पाहिला, ते दिसत नाही. ती वही त्या संस्थेच्या कपाटात असते.